विश्वास विकणाऱ्यांची वकिली पुरे

इन्फ्लुएन्सरांच्या धंद्याविषयी शंका काढली की उत्तरे तयारच असतात. जाहिरात पूर्वीपासून आहे, आता फक्त माध्यम बदलले. ही माणसे पैसे घेऊन बोलतात, हे आता शेंबड्या पोरालाही कळते. पटले तर घ्या, नाही तर पुढे सरकवा, जबरदस्ती कोणी केली? गावखेड्यातली, भांडवल नसलेली पोरे स्वतःच्या हिमतीवर कमावू लागली की प्रस्थापितांच्या पोटात दुखते. आणि कोणी फसवलेच, तर कायदा आहे. ही उत्तरे मार्केटिंगवाल्यांनी द्यावीत, यात नवल नाही. त्यांचे पोट त्यावर आहे. संताप येतो तो शिकल्यासवरल्या, एरवी चिकित्सक म्हणवणाऱ्या माणसांचा. तीही आता हेच म्हणतात आणि प्रश्न विचारणाऱ्याला काळाच्या मागे पडलेला ठरवून मोकळी होतात. यातले एकही उत्तर तपासणीला टिकत नाही. या धंद्यात तेल, क्रीम किंवा कोर्स नंतर विकला जातो. त्याआधी विकला जातो तो ऐकणाऱ्याने टाकलेला विश्वास, आणि तोही त्याला न सांगता. या एका गोष्टीकडे डोळेझाक केली तरच ही सगळी वकिली उभी राहते.

जाहिरात पूर्वीपासून आहे, हे खरेच. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत लीला चिटणीस दिसल्या, तेव्हापासून आपले नट-नट्या साबणापासून सिमेंटपर्यंत सगळे विकत आले आहेत. पण ती जाहिरात पाहणाऱ्या कोणालाही ती जाहिरातच आहे याबद्दल शंका नव्हती. तिला चौकट होती, कंपनीचे नाव ठळक होते आणि नायिका आपल्याशी मैत्रीण म्हणून खासगीत बोलते आहे, असा कोणाचा समज नव्हता. मजकुरासारखी दिसणारी जाहिरात वर्तमानपत्रात छापायची तर वर ‘जाहिरात’ असे छापतात, तेही यासाठीच. बोलणारा कोण आणि पैसे कोणाचे, हे कळले की वाचक ऐकलेल्याला तेवढेच वजन देतो. इन्फ्लुएन्सरचा भाव नेमका याच्या उलट ठरतो. त्याचे बोलणे जाहिरातीसारखे जितके कमी वाटेल, तितकी त्याची किंमत जास्त. कंपनीला चौकटीतली जाहिरात हवी असती, तर ती घ्यायला तिला कोणी अडवले नव्हते. चौकट नको म्हणूनच ती इथे येते.

अशी एखादी रील जरा जवळून पाहा. स्वयंपाकघराचा ओटा, मागे कुकर, खिडकीतून येणारा उजेड. बाई केसांना तेल लावता लावता सांगते, ‘बाळंतपणानंतर माझे केस इतके गळायचे ना, सगळं करून बघितलं, मग एका मैत्रिणीने हे सुचवलं.’ बाटली हातात येते ती अर्ध्याच्या पुढे, लेबल कॅमेऱ्याकडे करून. शेवटी, ‘लिंक बायोमध्ये दिली आहे, माझा कोड टाकला तर सूट मिळेल.’ सगळे कसे ओघात आल्यासारखे. प्रत्यक्षात अशा कामासाठी कंपनी किंवा एजन्सी आधी ब्रीफ पाठवते. कोणते मुद्दे आलेच पाहिजेत, कोणत्या स्पर्धकाचे नाव घ्यायचे नाही, बाटली किती वेळ दिसली पाहिजे आणि सूर सहज असला पाहिजे, हे त्यात असते. रील आधी कंपनीकडे जाते, बदल सुचवले जातात, मंजुरी मिळाली की मगच ती चढते. कोणाच्या शब्दावर किती बाटल्या खपल्या, याचा हिशेब त्या कोडवरून लागतो आणि पुढच्या कामाचा दर त्यावर ठरतो. म्हणजे ओटा खरा, बाई खरी, कदाचित केसही खरेच गळत असतील. पण त्या बोलण्यामागचा हेतू तेवढा झाकलेला. ऐकणारीच्या निर्णयासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नेमकी तीच होती.

महाराष्ट्राला तर हे नवे वाटायलाच नको. २००९ च्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांत उमेदवारांकडून पैसे घेऊन त्यांच्या स्तुतीचे मजकूर बातम्या म्हणून छापल्याचे उघड झाले. त्यात मराठी वर्तमानपत्रांचीही नावे आली. ‘पेड न्यूज’ हा शब्द तेव्हा घरोघरी पोहोचला. प्रेस कौन्सिलला चौकशी करावी लागली आणि २०१० मध्ये तिने या प्रकाराला लोकशाहीला घातक ठरवणारा अहवाल स्वीकारला. तेव्हा कोणी असे म्हणाले का, की जाहिरात पूर्वीपासून आहे, आता फक्त जागा बदलली? म्हणाले नाही, कारण गुन्हा कशात आहे हे सगळ्यांना स्वच्छ दिसत होते. पैसे घेणे हा गुन्हा नव्हता. पैसे घेतल्याचे लपवून वाचकाच्या विश्वासावर उमेदवार स्वार करणे, हा गुन्हा होता. पंधरा वर्षांत असे काय बदलले, की संपादकाने केले तर जी लाज वाटावी, तीच गोष्ट रीलवाल्याने केली तर ‘कोलॅब’ म्हणून मिरवावी?

दुसरे उत्तर असे, की हे सगळ्यांना ठाऊकच असते. तसे असेल तर लपवण्याचा एवढा खटाटोप कशासाठी? भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ॲस्कीने, जून २०२१ पासून इन्फ्लुएन्सरांसाठी नियम लागू केले. जाहिरात असल्याची खूण पहिल्या दोन ओळींत, ‘आणखी वाचा’ न दाबता दिसली पाहिजे. पंधरा सेकंदांहून लांब आणि दोन मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत ती एकतृतीयांश वेळ पडद्यावर राहिली पाहिजे. नुसत्या प्रोफाइलवर लिहून भागणार नाही. यात अवघड काय आहे? पैसे पडतात? वेळ जातो? तरीही देशातल्या सर्वांत नावाजलेल्या डिजिटल ताऱ्यांच्या पोस्ट ॲस्कीने तपासल्या, तेव्हा दोनतृतीयांशांहून अधिक जणांनी ही खूण नीट दिलेली नव्हती. हे कोपऱ्यातले नवशिके नव्हेत. यांच्याकडे व्यवस्थापक आहेत, वकील आहेत, करारनामे आहेत. एवढी मंडळी एक शब्द लिहायला विसरतात, यावर कोण विश्वास ठेवील? तो शब्द लिहिला की परिणाम घटतो, हे त्यांना आणि कंपनीला पक्के माहीत आहे. म्हणजे ‘सगळ्यांना ठाऊक असते’ हा युक्तिवाद ज्यांच्या बचावासाठी केला जातो, त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास नाही.

शिवाय ‘ही माणसे पैसे घेतात’ हे मोघम माहीत असणे वेगळे आणि ‘या वस्तूसाठी या बाईने पैसे घेतले आहेत’ हे माहीत असणे वेगळे. एकाच प्रोफाइलवर सकाळी स्वतःच्या पैशाने खाल्लेल्या मिसळीचे कौतुक असते आणि संध्याकाळी पैसे घेऊन केलेले एखाद्या ॲपचे. दोन्हींचा सूर तोच, चेहरा तोच, उजेडसुद्धा तोच. सकाळच्या खरेपणावर संध्याकाळचा माल खपतो. आणि खूण दिलीच, तर ती बहुधा तीसेक हॅशटॅगच्या गर्दीत, इंग्रजीत आणि संक्षेपात असते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे, की शिफारस ज्या भाषेत असेल त्याच भाषेत जाहिरातीची कबुली हवी आणि व्हिडिओत ती नुसती लिहून न भागता बोलूनही दाखवली पाहिजे. मराठीत घडाघडा बोलून माल विकणाऱ्या किती रीलमध्ये ‘ही जाहिरात आहे, मला याचे पैसे मिळाले आहेत’ हे मराठी वाक्य ऐकू येते? अख्खी रील मराठीत आणि कबुलीचा तेवढा शब्द इंग्रजीत, हे आपोआप होत नाही.

इथे एक पळवाट सांगितली जाते. पैसे घेतलेच नाहीत, कंपनीने नुसती वस्तू पाठवली, मत मात्र प्रामाणिक आहे. या दाव्याचा निकाल आयकर खात्याने केव्हाच लावून टाकला आहे. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या कलम १९४-आर प्रमाणे, धंद्यातून मिळालेल्या अशा लाभांची किंमत वर्षाला २० हजार रुपयांच्या वर गेली, की देणाऱ्याने १० टक्के कर कापून भरायचा. खात्याच्या परिपत्रकात इन्फ्लुएन्सरचे उदाहरणच दिले आहे. गाडी, मोबाइल किंवा सौंदर्यप्रसाधने प्रचारापुरती वापरून कंपनीला परत केली तर तो लाभ नाही; स्वतःकडे ठेवली तर तो लाभ, आणि त्यावर कर. सरकारच्या हिशेबात जी वस्तू मोबदला आहे, ती प्रेक्षकाच्या हिशेबात प्रेमाची भेट कशी होते? आणि मत प्रामाणिक असेलही, म्हणून काय झाले? डॉक्टरने तपासणीसाठी पाठवलेली लॅब खरोखर उत्तम असेल, तरी तिथून त्याला कट मिळत असेल तर आपण त्याला प्रामाणिक सल्ला म्हणत नाही. त्या कट प्रॅक्टिसविरुद्ध याच राज्यात डॉक्टरांमधूनच आवाज उठला आणि २०१७ मध्ये सरकारने कायद्याचा मसुदा करायला घेतला. लॅब वाईट आहे, असे तेव्हाही कोणाचे म्हणणे नव्हते. रुग्णाचे हित आणि सल्ला देणाऱ्याचा खिसा यांची गुपचूप गाठ बांधली गेली, हा आक्षेप होता. इथेही आक्षेप तोच आहे.

नुसती खूण दिली म्हणजे सगळे झाले, असेही नाही. अमेरिकेत किम कार्डाशियन यांनी इथेरियममॅक्स नावाच्या कूटचलनाची भलामण करणारी इन्स्टाग्राम पोस्ट टाकली, तेव्हा त्या पोस्टमध्ये जाहिरात असल्याचा हॅशटॅग होता. तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या रोखे नियामकाने त्यांच्यावर कारवाई केली. कारण त्या पोस्टसाठी अडीच लाख डॉलर मिळाल्याचे त्यांनी सांगितले नव्हते आणि तिथल्या कायद्यानुसार रक्कमही सांगावी लागते. आरोप मान्य किंवा अमान्य न करता त्यांनी १२ लाख ६० हजार डॉलर भरून प्रकरण मिटवले आणि तीन वर्षे अशा कूटचलनांची जाहिरात न करण्याचे कबूल केले. हा कायदा शहाणा आहे. एका पोस्टचे अडीच लाख डॉलर मिळाले हे कळले, की ऐकणाऱ्याला त्या उत्साहामागचे कारणही कळते. आपल्याकडे रक्कम सांगण्याची सक्ती नाही आणि साधा ‘जाहिरात’ हा शब्दही आपण नीट मिळवू शकलेलो नाही.

आता ‘जबरदस्ती कोणी केली?’ या सर्वांत निर्दय उत्तराकडे येऊ. निर्दय अशासाठी, की ते फसलेल्याच्याच माथी फसवणूक मारते. याचा कस तेला-क्रीमवर लावू नये, पैशाच्या बाजारात लावावा. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये वायदे बाजाराचा, म्हणजे शेअर बाजारातल्या फ्यूचर्स आणि ऑप्शन्सचा, अभ्यास प्रसिद्ध केला. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्तींनी तिथे व्यवहार केले आणि त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा कमावणारे जेमतेम १ टक्का. व्यवहार करणाऱ्यांत तिशीच्या आतल्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. पहिल्या तीस मोठ्या शहरांबाहेरचे लोक ७२ टक्क्यांहून अधिक. स्वतःचे वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत सांगणारे ७५ टक्क्यांहून अधिक. पुढच्या वर्षीही चित्र बदलले नाही. २०२४-२५ मध्ये ९१ टक्के तोट्यात, आणि निव्वळ तोटा १ लाख ५ हजार कोटींवर. लहान गावातल्या, कमी पगाराच्या, विशी-पंचविशीतल्या मुलांना ऑप्शन ट्रेडिंग हा उत्पन्नाचा मार्ग आहे असे वाटायला लावणाऱ्या कारणांत मोबाइलवरून सहज उघडणारे डिमॅट खाते आहे, झटपट श्रीमंतीची हाव आहे. पण रोज त्यांच्या हातातल्या पडद्यावर हिरव्या आकड्यांचे स्क्रीनशॉट नाचवणारी मंडळीही आहेत, आणि त्यांना यातून वगळायचे कोणत्या न्यायाने?

तो स्क्रीनशॉटही जवळून पाहण्यासारखा असतो. त्यावर एका दिवसाचा, एका खात्यातला नफा दिसतो. आदल्या आठवड्याचा तोटा दिसत नाही, दुसरे खाते दिसत नाही, भांडवल किती लावले ते दिसत नाही आणि वर्षाचा ताळेबंद तर नाहीच नाही. ‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने चालणाऱ्या फिनफ्लुएन्सरविरुद्ध, म्हणजे पैशाचा सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरविरुद्ध, सेबीने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिलेला अंतरिम आदेश या दृष्टीने डोळे उघडणारा आहे. शिक्षणाच्या नावाखाली कोर्स विकून आणि नफ्याची खात्री देऊन लोकांकडून १७ कोटी २० लाख रुपये गोळा केल्याचे सेबीने म्हटले आणि ती रक्कम वेगळ्या खात्यात भरायला सांगितली. त्याच आदेशात नोंद आहे, की जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात या गुरूचा स्वतःचा व्यवहार सुमारे २ कोटी ८९ लाखांच्या निव्वळ तोट्यात होता. त्याची कमाई बाजारातून आलेली नव्हती, ती ऐकणाऱ्यांच्या खिशातून आली होती. कोर्स घेणाऱ्या मुलाला हे दोन आकडे शेजारी-शेजारी दाखवले असते, तर त्याने पैसे भरले असते का? नसते भरले. मग त्याने ‘स्वतःच्या मर्जीने’ निर्णय घेतला, या म्हणण्यात काय अर्थ उरला? ज्या माहितीवर मर्जी ठरायची, तीच जर पळवली गेली, तर मर्जी कसली?

साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरचे प्रकरण याहून उघडे-वाघडे आहे. जुलै २०२२ मध्ये यूट्यूबवरच्या दोन चॅनेलांनी या कंपनीचे मोठमोठे सौदे होणार असल्याची खोटी वर्णने करणारे व्हिडिओ टाकले आणि ते जास्तीत जास्त लोकांपर्यंत जावेत म्हणून पैसे ओतून त्यांचा प्रसार झाला. सेबीच्या नोंदीनुसार या काळात कंपनीच्या छोट्या भागधारकांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ वर गेली. ही पन्नास हजारांवर माणसे फुगलेल्या भावाने शेअर घेत असताना समोरून आपले शेअर विकून बाहेर पडणारे कोण होते? प्रवर्तक आणि त्यांच्या साखळीतले लोक. मार्च २०२३ मध्ये अंतरिम आदेश आला आणि मे २०२५ मध्ये सेबीने ५९ जणांना बाजारातून काही काळासाठी बाद केले. व्हिडिओ पाहणाऱ्याला वाटत होते, की कोणी तरी आपल्याला टीप देतो आहे. वास्तवात त्याला गिऱ्हाईक म्हणून उभे केले होते. अशा माणसाला ‘तू पुढे का नाही सरकवलेस?’ असे विचारणे म्हणजे खिसा कापला गेलेल्याला ‘खिसा ठेवलास कशाला?’ असे दरडावणे आहे.

आणखी एक गाठ लोकांच्या लक्षात येत नाही. ‘माझ्या लिंकवरून डिमॅट खाते उघडा’ असे सांगणाऱ्यांपैकी कित्येकांना त्या खात्यातून होणाऱ्या प्रत्येक व्यवहाराच्या दलालीत वाटा मिळत असे. ऐकणारा जिंको की हरो, त्याने व्यवहार करत राहणे एवढेच सांगणाऱ्याच्या हिताचे. ही गाठ तोडायला सेबीला ऑगस्ट २०२४ मध्ये नियम बदलावे लागले. नोंदणी नसताना सल्ला देणाऱ्या किंवा नफ्याचे दावे करणाऱ्या माणसांशी दलाल आणि म्युच्युअल फंडांनी पैशाचा, ग्राहक मिळवण्याचा किंवा माहितीचा कोणताही संबंध ठेवायचा नाही, असे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये त्यापुढे जाऊन सेबीने सांगितले, की निव्वळ शिक्षण देतो म्हणणाऱ्याने मागच्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरू नयेत; कारण शिक्षणाच्या बुरख्याआडून आजच्या शेअरची टीप दिली जात होती. नियामकाला इतक्या बारीक अटी घालाव्या लागतात, याचा अर्थ धंदा मुळात सचोटीचा आहे आणि चार नासके आंबे निघाले, असा होतो का?

काही जण म्हणतील, शेअर बाजाराचे सोडा, बाकी सगळे लिपस्टिक-कपड्यांचेच तर असते. हे खरे नाही. ऑस्ट्रेलियात बेल गिब्सन हिने आपल्याला मेंदूचा कर्करोग झाला असून आहाराने तो आटोक्यात ठेवल्याचे सांगत ॲप आणि पुस्तक विकले. तिला कर्करोग नव्हताच. २०१७ मध्ये तिथल्या न्यायालयाने तिला ४ लाख १० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर दंड ठोठावला. आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची आणि सट्ट्याच्या ॲपची जाहिरात घराघरातल्या मोबाइलवर इतकी पसरली, की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला कायदाच करावा लागला. अशा खेळांची जाहिरात करणाऱ्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ‘मी स्वतः खेळतो, तुम्हीही खेळा’ म्हणणाऱ्यांपैकी कितींनी आपल्या सांगण्यावरून कर्जबाजारी झालेल्यांची साधी विचारपूस केली? आणि लिपस्टिकचे तरी सोडायचे का? वस्तू लहान म्हणून लपवाछपवी लहान होत नाही. दोनशे रुपयांच्या बाटलीवर फसायची सवय लागलेला माणूसच उद्या दोन लाखांच्या कोर्सवर फसतो, कारण दोन्हीकडे त्याने भरवसा ठेवलेला चेहरा एकाच पद्धतीने बोलत असतो.

राहिला गावखेड्यातल्या कर्तबगार मुलांचा मुद्दा. हा मुद्दा ढाल म्हणून पुढे केला जातो, आणि त्याचाच मला सर्वांत जास्त राग येतो. मोबाइल हातात घेऊन शेतीची, स्वयंपाकाची, गडकिल्ल्यांची, बोलीभाषांची उत्तम माहिती देणारी मराठी मुले-मुली आहेत. त्यांनी कमवावे, भरपूर कमवावे. त्यांच्या कमाईवर इथे कोणाचा आक्षेप आहे? उलट लपवाछपवीचा पहिला बळी तीच आहेत. ‘ही जाहिरात आहे’ असे स्पष्ट सांगणाऱ्याचा दर पडतो आणि गप्प राहणाऱ्याचा वाढतो, अशा बाजारात प्रामाणिक माणूस किती दिवस टिकेल? एप्रिल २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या रेवंत हिमतसिंगका यांनी बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला. कंपनीने कायदेशीर नोटीस पाठवली आणि त्यांना तो व्हिडिओ मागे घ्यावा लागला. पण विषय दाबला गेला नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने दखल घेतली, पुढे कंपनीने वरून घातलेल्या साखरेचे प्रमाण कमी केले आणि अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’च्या यादीतून काढा, असे केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन दुकानांना सांगितले. समाजमाध्यमांवरचा एक माणूस काय करू शकतो, याचे हे उदाहरण आहे. पण ते कोणाच्या बाजूचे? या माणसाने त्या डब्यासाठी कंपनीकडून पैसे घेतले नव्हते, म्हणूनच तो डब्यामागचे लेबल वाचून दाखवू शकला. फुकट खरे बोलणाऱ्याच्या दारात नोटीस येते, आणि पैसे घेऊन गोड बोलणाऱ्याला पुढचे काम मिळते. ज्यांना या मुलांची खरी कणव आहे, त्यांनी हा उलटा न्याय बदलायला हवा. त्यांच्या नावाआड लपून धंद्याची पाठराखण करू नये.

शेवटचे उत्तर कायद्याचे. कायदा आहे, आणि कागदावर तो चांगला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम २१ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू देते. पहिल्यांदा वर्षभर आणि पुढे तीन वर्षांपर्यंत जाहिरातबंदीही घालू देते. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की नामवंत आणि इन्फ्लुएन्सर हे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला तितकेच जबाबदार आहेत. पण याच कलमात बचावाचा एक मार्ग आहे, आणि सगळी नैतिकता तिथेच एकवटली आहे. शिफारस करण्यापूर्वी दाव्याच्या खरेपणाची योग्य ती खातरजमा केली असेल, तर शिफारस करणाऱ्याला दंड होत नाही. कायद्याने मागितले आहे ते एवढेच: बोलण्याआधी तपासून घ्या. तेलाने केस खरेच उगवतात का, याचा कोणता पुरावा त्या बाईने मागितला होता? ॲप चालवणाऱ्याकडे परवाना आहे का, हे कोणी पाहिले? ब्रीफ आले, पैसे आले, रील चढली. तिथे खातरजमेची जागाच नव्हती. आणि दिवसाकाठी लाखोंनी चढणाऱ्या रीलवर मूठभर अधिकारी आणि एक स्वयंनियंत्रण करणारी संस्था कुठवर लक्ष ठेवणार? जो कायदा फसवणूक झाल्यावर, तक्रार आल्यावर, वर्षा-दोन वर्षांनी जागा होतो, त्याच्याकडे बोट दाखवून आज बोलणाऱ्याची जबाबदारी झटकता येत नाही. चोरीविरुद्ध कायदा आहे म्हणून चोरीला नावे ठेवायची नाहीत, असे आपण कधी म्हणतो का?

म्हणून मागणी स्पष्ट शब्दांत केली पाहिजे, आणि ती करताना मागासलेपणाच्या आरोपाला भीक घालायचे कारण नाही. मराठीत विकता ना? मग मराठीत, पहिल्याच वाक्यात, तोंडाने सांगा की ही जाहिरात आहे. पैसे मिळाले, वस्तू मिळाली की विक्रीवर टक्का मिळतो, तेही सांगा. पैशाचा आणि आरोग्याचा सल्ला देत असाल तर नोंदणी क्रमांक किंवा पदवी दाखवा. नसेल तर गप्प बसा. दावा करण्याआधी पुरावा मागा आणि तो जपून ठेवा. कबुली लपवणाऱ्या पोस्टचा दंड निर्मात्याबरोबर पैसे देणाऱ्या कंपनीवर आणि त्या पोस्टवर कमाई करणाऱ्या प्लॅटफॉर्मवरही बसला पाहिजे, कारण या व्यवहारातला मोठा वाटा त्यांचाच आहे. एवढे केल्यावर हा धंदा टिकला तर खुशाल टिको. नाही टिकला, तर तो कशावर उभा होता हे सिद्ध होईल. आणि तोवर आपल्याकडून, ऐकणाऱ्यांकडून, संशय हीच रीत असली पाहिजे. कबुली दिसेपर्यंत प्रत्येक शिफारस विकलेली आहे असे धरून चालण्यात कसलाही कडवटपणा नाही. ते साधे स्वसंरक्षण आहे. पैसे घेऊन बोलणारा माणूस विक्रेता असतो. विक्रेता असण्यात कमीपणा नाही, पण मित्राच्या सुरात बोलून विक्रेत्याचा गल्ला भरणे ही फसवणूक आहे. ती वर्तमानपत्राच्या पानावर झाली तेव्हा फसवणूक होती, पडद्यावर झाली तरी फसवणूकच आहे, आणि लाखो लोकांनी तिला पसंतीचे बदाम दिले म्हणून तिचे दुसरे काही होत नाही.